आर्मेनियन अनाथ निर्वासितांच्या किशोर ऐतिहासिक कथा

पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियन लोकांची हद्दपारी आणि सामूहिक कत्तल झाली. त्यातून वाचलेल्या अनाथ मुलांपैकी बरीच मुले पुढे परक्या देशांत नेऊन वसवण्यात आली. या मुलांच्या नव्या आयुष्यावर साधारण ८ ते १४ वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या या प्रकारात येतात. विषय मोठा असला तरी या प्रकाराचा आवाका मुद्दाम लहान ठेवलेला असतो: एक अनाथालय, एक प्रवास, एक नवे गाव. कत्तलीचा सगळा इतिहास एका मुलाच्या डोक्यावर लादला की गोष्ट मागे पडते आणि धडा पुढे येतो.

पार्श्वभूमी. १९१५ पासून अनातोलियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, आर्मेनियनांना सिरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकलण्यात आले. त्यांच्या मदतीसाठी अमेरिकेत त्याच वर्षी एक समिती स्थापन झाली. १९१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सनदेने तिला ‘नियर ईस्ट रिलीफ’ हे नाव मिळाले. या संस्थेने सुमारे १,३२,००० अनाथ मुले सांभाळली. १९२२–२३ मध्ये तुर्कस्तानच्या अंतर्भागातील जवळजवळ २२,००० मुले सिरिया, लेबनॉन आणि ग्रीसमध्ये हलवण्यात आली. या कथांतली बहुतेक मुले या दुसऱ्या स्थलांतरानंतर वाचकाला भेटतात.

वयाचे गणित. लेखनाची पहिली अडचण इथेच येते. १९२३ मध्ये जहाजावर चढणारा दहा वर्षांचा मुलगा १९१५ मध्ये दोन वर्षांचा होता. त्याला वाळवंटातली पायपीट तपशीलवार आठवते असे लिहिले, तर जाणकार वाचक पहिल्या प्रकरणातच पुस्तक मिटतो. यावर तीन वाटा चालतात. आठवण मोठ्या बहिणीची किंवा आजीची असावी आणि मुलाने ती ऐकलेली असावी. किंवा मुलगा नंतरच्या संकटात अनाथ झालेला असावा: १९२० च्या जानेवारी–फेब्रुवारीत दक्षिण तुर्कस्तानातल्या माराश शहरातली कत्तल आणि फ्रेंच सैन्याची माघार, किंवा सप्टेंबर १९२२ मधली स्मिर्ना (आजचे इझमीर) या बंदराची आग. तिसरी वाट म्हणजे आठवणींचे तुकडेच ठेवायचे, एखादा वास किंवा कोणाचा तरी हात, आणि ते जोडायचा प्रयत्न करायचा नाही. ही वाट सर्वांत अवघड आणि बहुधा सर्वांत खरी. जन्मतारीखही पुष्कळ मुलांना ठाऊक नसे. वय अधिकारी अंदाजाने लिहून टाकत. त्यामुळे कथेत वाढदिवस साजरा करायचा असेल, तर ती तारीख कोणी ठरवली हेही सांगावे लागते.

जॉर्जटाउनचे मुलगे. या प्रकाराला सर्वांत घट्ट आधार मिळतो तो कॅनडातल्या एका प्रयोगाचा. टोरांटोच्या पश्चिमेला ओंटारिओ प्रांतात जॉर्जटाउन नावाचे गाव आहे. तिथले सीडरव्हेल शेत ‘आर्मेनियन रिलीफ असोसिएशन ऑफ कॅनडा’ने विकत घेतले. ग्रीसच्या कॉर्फू बेटावरील अनाथालयातून पन्नास मुलांची पहिली तुकडी १ जुलै १९२३ रोजी तिथे पोचली. पुढच्या चार वर्षांत ही संख्या सुमारे ११० वर गेली. मुलांना इंग्रजी आणि शेतीकाम शिकवायचे, मग ओंटारिओतल्या शेतकरी कुटुंबांकडे कामाला पाठवायचे, अशी योजना होती.

त्या काळी कॅनडाचे सरकार आर्मेनियनांना ‘आशियाई’ मानत असे. मायदेशातून कुठेही न थांबता थेट प्रवास आणि उतरताना हातात मोठी रोकड, या अटींमुळे त्यांना प्रवेश जवळजवळ अशक्य होता. याच अटींवर बोट ठेवून १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजावरील भारतीयांना व्हँकूवरहून परत पाठवण्यात आले होते. म्हणजे जॉर्जटाउनच्या मुलांना दार उघडले ते अपवाद म्हणून. मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने हा दुवा सोडू नये. कॅनडाच्या उदारपणाची सरळसोट गोष्ट त्यामुळे आपोआप थोडी वाकडी होते, आणि तशी ती व्हायलाच हवी.

कथेच्या दृष्टीने शेतावरचा सर्वांत मोलाचा प्रसंग नावांचा आहे. मुलांना इंग्रजी नावे द्यायचे चालकांनी ठरवले. हेतू वाईट नव्हता; शेजाऱ्यांना उच्चारायला सोपे जावे एवढाच. पण ज्यांच्याजवळ घर, आईवडील, फोटो असे काहीच उरले नव्हते, त्यांच्याकडे नाव ही एकच वडिलोपार्जित वस्तू होती. मुलांनी विरोध केला आणि नावे टिकली. या प्रसंगात मुलांचा शत्रू कोणी दुष्ट माणूस नाही. मदत करणाराच त्यांच्याजवळचे काढून घेऊ पाहतो. दहा वर्षांच्या वाचकाला हा पेच नीट कळतो. तो कळावा म्हणून चालकांना खलनायक करावे लागत नाही, आणि तसे केले तर प्रसंग कमकुवत होतो.

नाव बदलण्याची दुसरी आणि फार वेगळी घटना लेबनॉनमधल्या अंतुरा इथली. युद्धकाळात ऑटोमन सेनापती जमाल पाशाच्या आदेशाने तिथल्या एका महाविद्यालयाच्या इमारतीत अनाथालय चालवले गेले. तिथे आर्मेनियन मुलांना मुस्लिम नावे आणि क्रमांक दिले जात, आणि मातृभाषा बोलल्यास शिक्षा होई. अंतुरा आणि जॉर्जटाउन एकाच पात्राच्या आयुष्यात बसवण्याचा मोह लेखकांना होतो, कारण समांतर सुबक जमते. पण अंतुरात धर्म आणि भाषा पुसून टाकण्याचा बेत होता, तर जॉर्जटाउनमध्ये असमंजस आपलेपणा होता. दोन्ही एका तराजूत घातले की दोन्हींचे वजन चुकते.

आदिस अबाबाचे चाळीस. आफ्रिकेतली ही कथा त्या मानाने कमी लिहिली गेली आहे. इथिओपियाचे तेव्हाचे युवराज रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हाइले सेलासी, १९२४ मध्ये जेरुसलेमला गेले असता तिथल्या आर्मेनियन मठात त्यांनी अनाथ मुलांचा वाद्यवृंद ऐकला. चाळीस मुलांना ते आदिस अबाबाला घेऊन आले. ‘अर्बा लिजोच’, म्हणजे चाळीस मुले, हेच त्यांचे नाव पडले. केवोर्क नालबांदियान यांच्या हाताखाली तो राजदरबारी बँड झाला. नालबांदियान यांनी संगीत दिलेले गीत १९७४ पर्यंत इथिओपियाचे राष्ट्रगीत होते. कथाकाराला इथे आयती सोय आहे: भाषा येत नसलेला मुलगा तुतारीच्या साहाय्याने नव्या देशात उभा राहतो. धोका राजाचा आहे. सम्राट पानावर आला की मुले मागे जाऊन उभी राहतात.

काळाचे तपशील. या कथांत चुका होतात त्या बहुधा लहानसहान गोष्टींत. ‘जेनोसाइड’ (वंशसंहार) हा शब्द राफाएल लेमकिन यांनी १९४४ मध्ये प्रचारात आणला. १९२३ मधल्या मुलाच्या तोंडी तो शोभत नाही. वाचलेली माणसे हद्दपारीला ‘अक्सोर’ म्हणत. नानसेन पासपोर्टची, म्हणजे देश नसलेल्या निर्वासितांना मिळणाऱ्या प्रवासी ओळखपत्राची, सोय आर्मेनियनांना १९२४ मध्ये मिळाली, तेव्हा १९२३ च्या पहिल्या तुकडीच्या खिशात तो असू शकत नाही. मेपलच्या पानाचा कॅनडाचा झेंडा १९६५ चा, त्यामुळे स्वागताच्या चित्रात तो काढू नये. १ जुलैच्या उत्सवाला तेव्हा ‘डोमिनियन डे’ म्हणत. आर्मेनियन चर्चचा नाताळ ६ जानेवारीचा. २५ डिसेंबरला शेतावर झाड सजलेले पाहून मुलगा गोंधळणे स्वाभाविक आहे, आणि हा प्रसंग फुकट मिळतो.

आजारांतही काटेकोर राहावे लागते. अनाथालयांत खुपरीची साथ सर्रास होती आणि डोळ्यांची खुपरी आढळली तर परदेशी प्रवेश नाकारला जाई. म्हणून निवडीच्या प्रकरणात डॉक्टरने पापणी उलटून पाहणे हा खरा ताणाचा क्षण असतो. एका भावाचे डोळे साफ आणि दुसऱ्याचे लाल, एवढ्यावर कथानक फिरू शकते. कॉर्फूवर आणखी एक तारीख ध्यानात ठेवावी. ३१ ऑगस्ट १९२३ रोजी इटालियन नौदलाने बेटावर तोफा डागल्या आणि तिथल्या जुन्या किल्ल्यात राहणारे निर्वासित मारले गेले, त्यांत मुलेही होती. पहिली तुकडी त्याआधी दोन महिने कॅनडात पोचली होती. मागे राहिलेल्या मित्राचे पत्र लिहिणाऱ्याला हे माहीत असायला हवे.

उच्चार आणि नावे. तुर्कस्तानातून आलेली मुले पश्चिमी आर्मेनियन बोलीची. त्यांची नावे हागोप, गाराबेद, क्रिकोर अशी लिहावीत. हाकोब, कारापेत, ग्रिगोर ही पूर्वेकडची, आजच्या आर्मेनियातली रूपे आहेत. एका कुटुंबात दोन्ही प्रकार मिसळले की आर्मेनियन वाचकाला ते लगेच खटकते. आईला ‘मायरिग’, वडिलांना ‘हायरिग’. सिलिशियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याकडच्या भागातल्या, अनेक घरांत मात्र तुर्कीच बोलली जाई, आणि कित्येक मुलांनी अनाथालयात येऊनच आर्मेनियन लिपी गिरवली. तेव्हा प्रत्येक नायकाला जन्मापासून अस्खलित आर्मेनियन बोलायला लावणे चूक ठरते.

प्रमुख लेखन. डेव्हिड खेर्डियन यांनी आपल्या आईच्या बालपणावर तिच्याच तोंडून सांगितल्यासारखे लिहिलेले ‘द रोड फ्रॉम होम’ (१९७९) हे चरित्र असले तरी वाचले जाते कादंबरीसारखे. त्याला १९८० मध्ये बालसाहित्यासाठीचा अमेरिकेतला न्यूबेरी सन्मान मिळाला. जॉर्जटाउनच्या मुलांवर कॅनडाच्या मार्शा फोर्चुक स्क्रिपुच यांनी लहान वाचकांसाठी दोन सचित्र पुस्तके लिहिली. त्यांपैकी दुसऱ्याचा विषय नावांचा झगडाच आहे.

मुलींची बाजू. कॅनडात काही आर्मेनियन मुली आणि तरुणीही आल्या, पण त्यांना एकेकटीला घरकामासाठी निरनिराळ्या घरांत ठेवले गेले. मुलग्यांसारखे एकत्र शेत नाही, सामूहिक छायाचित्रे नाहीत. म्हणून त्यांच्यावरचे लेखन विरळ आहे. साधने मात्र अगदीच नाहीत असे नव्हे. डॅनिश कार्यकर्त्या कारेन येप्पे यांनी राष्ट्रसंघाच्या वतीने अलेप्पोत चालवलेल्या आश्रयगृहाच्या नोंदवह्यांत प्रत्येक आश्रिताचे छायाचित्र आणि काही ओळींची हकिकत आहे. त्यांत वाळवंटातल्या भटक्या बेदुइन टोळ्यांतून सुटून आलेल्या, चेहऱ्यावर गोंदण असलेल्या मुली आहेत. टोळीत गोंदण हा साधा रिवाज होता; त्याचे ओझे झाले ते बाहेर पडल्यावर. कथेत ते निव्वळ क्रौर्याची खूण म्हणून वापरले की मुलीची आठ-दहा वर्षे पुसली जातात. लेबनॉनमधल्या गझिरच्या अनाथ मुलींनी विणलेला गालिचाही असाच आधार देतो. १९२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट दिलेल्या त्या गालिच्यात ४४,०४,२०६ गाठी आहेत आणि तो विणायला सुमारे १८ महिने लागले. मागावर शेजारी बसून वेगवेगळ्या गावच्या मुली काय बोलत असतील, याला दीड वर्षाचा अवधी आणि एकच खोली, एवढी रचना कादंबरीला पुरेशी आहे.