‘पॉश’ आणि बोटीचं तिकीट

‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’: मुंबईला येताना डावीकडची, विलायतेला परतताना उजवीकडची, उन्हाआडची केबिन घेणाऱ्या साहेबांच्या तिकिटावरचा शिक्का, असा फॉरवर्ड फिरतो. गोष्ट झकास आहे, पटतेही. पण तसा शिक्का असलेलं एकही तिकीट सापडलेलं नाही. मोठ्या इंग्रजी कोशात तारखा बघा: ही व्युत्पत्ती छापून आलेली दिसते १९३५ मध्ये, शब्द मात्र त्याआधीचा. १८९० च्या बोलीकोशात ‘पॉश’ म्हणजे छानछोकी माणूस, त्याहीआधी चिल्लर. रोमानी भाषेत ‘पॉश’ म्हणजे अर्धा, त्यावरून अर्धी पेनी, असा तर्क आहे. ‘उंची, श्रीमंती’ हा अर्थ पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुळला. ऑफिसातली लैंगिक छळाच्या तक्रारींची ‘पॉश’ (प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट) समिती तेवढी खरोखर आद्याक्षरांची!