हलगी संगणकात शिरते तेव्हा

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हलगी पैलवानांच्या आधी ऐकू येते. कुस्ती रंगायला लागली की तिची लय चढते, आणि पार मागे बसलेल्या माणसाला डाव नीट दिसला नाही तरी काहीतरी घडतंय एवढं नक्की कळतं. आता याच हलगीचा एक ठोका मोबाइलवर रेकॉर्ड करा, संगणकात घ्या आणि सेकंदाला आठ या वेगानं सलग वाजवा. दोनच सेकंदांत कान निकाल देतो: खोटं आहे. ठोका तर अस्सल मैदानातला, मग खोटं काय वाटतं?

खोटी वाटते ती पुनरावृत्ती. हलगीवाला एका हातातली बारीक काडी आणि दुसऱ्या हातातलं टिपरू दर वेळी किंचित वेगळ्या जागी, वेगळ्या जोरानं मारतो. मागच्या ठोक्याचं कंपन पूर्ण विरायच्या आत पुढचा पडतो, म्हणून कातडं प्रत्येक ठोक्याच्या वेळी वेगळ्या अवस्थेत असतं. संगणक मात्र तोच ठोका शेवटच्या आकड्यापर्यंत जसाच्या तसा परत देतो. साउंड डिझाइन करणारे या दोषाला ‘मशीनगन’ म्हणतात. आवाज पकडून ठेवणं आता फार सोपं झालंय. तो कशामुळे बदलतो हे पकडणं अवघड आहे, आणि खरं काम तिथेच आहे. हजारो प्रीसेट, म्हणजे आधीच जुळवून ठेवलेले आवाज, उतरवून घेणाऱ्यांच्या हाती बहुतेक वेळा पहिलाच भाग लागतो.

संगणकात आवाज तयार करण्याच्या मुख्य वाटा दोन. सॅम्पलर खरा आवाज आकड्यांच्या रूपात साठवतो. सीडीच्या दर्जाला सेकंदाला 44,100 आकडे लागतात आणि प्रत्येक आकडा 65,536 पायऱ्यांपैकी एका पायरीवर असतो. सिंथेसायझर काहीच साठवत नाही, तो एखाद्या नियमानं आकडे जागच्या जागी तयार करतो. 1979 साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट नावाचा सॅम्पलर आला तेव्हा तो मोठ्या स्टुडिओंनाच परवडत असे. 1996 मध्ये स्टाइनबर्ग कंपनीनं व्हीएसटी ही पद्धत आणली आणि ही यंत्रं रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन म्हणून बसू लागली. आज सर्ज एक्सटी किंवा व्हायटल हे सिंथेसायझर फुकट मिळतात, आवाज कापायला ऑडॅसिटी आहे. मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीच्या ऑक्टोपॅडमध्येही तत्त्व हेच: काठी पडली की आत साठवलेला आवाज बाहेर.

हलगी नियमानं घडवायची तर आधी तिचं कातडं काय करतं ते बघावं लागेल. गोल ताणलेला पडदा एका ठोक्यासरशी अनेक तऱ्हांनी एकदम कंपतो. सगळा पडदा एकत्र वर-खाली होणं ही सर्वांत संथ तऱ्हा. दुसऱ्या तऱ्हेत एक अर्ध वर जातं तेव्हा दुसरं खाली. पुढच्या तऱ्हांत आणखी तुकडे पडतात. सर्वांत संथ कंपन 300 हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला 300 हेलकाव्यांचं, धरलं, तर आदर्श पडद्याच्या गणितानुसार पुढची येतात 478, 641, 689, 796 अशी. तारेचं असं नसतं. तिची कंपनं 300, 600, 900 अशा पटीत जातात, म्हणून कानाला त्यातून एकच स्पष्ट सूर मिळतो. हलगीच्या आकड्यांत पट नाही, म्हणून तिला सूर नाही. उंच-खोल एवढंच कळतं.

मग तबल्याला सूर कसा? सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 1920 साली ‘नेचर’मध्ये याचं उत्तर दिलं. मधल्या शाईमुळे पडद्याचं वजन असं वाटलं जातं की ही विस्कळीत कंपनं सरकून पटीत येतात. लावणीतल्या ढोलकीच्या शाईच्या बाजूनं जो टणक सूर निघतो, त्याच्यामागेही शाईचं हेच वजन आहे. नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी रामन तबल्याची शाई तपासत होते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत फारसं येत नाही.

हलगी वाजवण्याआधी शेकतात. उष्णतेनं कातड्यातला ओलावा जातो आणि ते आकसू पाहतं, पण कडं त्याला आकसू देत नाही. त्यामुळे ताण वाढतो. ताण चौपट झाला तर कंपनसंख्या दुप्पट होते. ओलावा गेल्यानं कातडं थोडं हलकंही होतं, त्याचाही आवाज चढायला हातभार लागतो.

आता सिंथेसायझर उघडू. पहिला थर काडीच्या ‘टक्’चा. त्यासाठी नॉइज, म्हणजे रेडिओवर स्टेशन नसताना येते तशी खरखर, पाचेक मिलिसेकंदांसाठीच घ्यायची आणि फिल्टरनं, म्हणजे ठरावीक कंपनं गाळणाऱ्या चाळणीनं, खालचा भाग काढून टाकायचा. दुसरा थर कातड्याचा. वरच्या आकड्यांचे चार-सहा साधे साइन तरंग (एकाच कंपनाचे शुद्ध सूर) एकत्र लावायचे, पण उंच कंपनं लवकर मरतील आणि संथ कंपनं थोडी रेंगाळतील अशा बेतानं. सगळे एकाच वेगानं विरले तर हलगीऐवजी खेळण्यातला पियानो तयार होतो.

तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. जोराचा ठोका बसला की कातडं क्षणभर जास्त ताणलं जातं, म्हणून आवाज किंचित वरून सुरू होऊन खाली येतो. सिंथेसायझरमध्ये पिचला, म्हणजे सुराच्या उंचीला, एन्व्हलप (तो काय ते पुढच्या परिच्छेदात) लावून पहिल्या तीस-चाळीस मिलिसेकंदांत सूर एखाद-दोन अर्धस्वरांनी उतरवला की एकदम जीव येतो. हा उतार ठोक्याच्या जोरावर अवलंबून ठेवायचा. हळू ठोक्याला उतार जवळजवळ नाही, जोराच्या ठोक्याला भरपूर. हे जमलं की मशीनगनचा दोष अर्धा आपोआप जातो.

एन्व्हलप म्हणजे काळानुसार होणाऱ्या बदलाचा आराखडा. त्याचे चार टप्पे बहुतेक सिंथेसायझरमध्ये सारखेच असतात: अटॅक (चढणं), डिके (उतरणं), सस्टेन (टिकून राहणं), रिलीज (सुटून विरणं). हलगीला सस्टेन शून्य. तुतारीचं उलटं. ओठ आणि नळीतली हवा यांचं जुळायला वेळ लागतो, म्हणून अटॅक थोडा सावकाश, आणि श्वास असेपर्यंत सस्टेन. (तुतारी म्हटलं की इकडच्या माणसाला ‘प्रभात’चं बोधचिन्ह आठवणारच. ती कंपनी 1929 साली कोल्हापुरातच सुरू झाली.) पण नुसता आवाज हळूहळू मोठा केला तर तुतारी होत नाही. 1960 च्या दशकात बेल लॅब्जमध्ये ज्याँ-क्लोद रिसे यांनी ट्रम्पेटचा सूर संगणकानं उलगडून पाहिला, तेव्हा दिसलं की आवाज जसा वाढतो तसे त्यातले वरचे स्वरांश, म्हणजे सुरात मिसळलेली उंच कंपनं, जास्त प्रमाणात वाढतात. पितळी वाद्याची चकाकी या वाढीत आहे. म्हणून तुतारी करताना एन्व्हलप आवाजाला लावायचा आणि फिल्टरलाही.

सुरुवातीचा क्षण किती महत्त्वाचा असतो हे पॅरिसच्या रेडिओ केंद्रात प्येर शेफेर यांनी 1948 मध्ये करून पाहिलं. घंटेच्या मुद्रणातून टोल्याचा क्षण कापला, तर घंटेची घंटा राहिली नाही. फुंकून वाजवायच्या वाद्यासारखा आवाज येऊ लागला. ऑडॅसिटीत हा प्रयोग पाच मिनिटांत होतो. एखाद्या वाद्याचा सूर घ्या, पहिले पन्नास-साठ मिलिसेकंद उडवा, आणि घरच्यांना ओळखायला सांगा.

सॅम्पलरच्या वाटेनं जायचं तर तोच प्रश्न मेहनतीनं सुटतो. हळू, मध्यम, जोरात, आणि कुस्ती निकाली निघताना वाजते तशी, अशा चार जोरांचे ठोके घ्यायचे, आणि प्रत्येक जोराचे निदान पाच. हळू ठोका मोठा करून जोराचा ठोका होत नाही, कारण जोराच्या ठोक्यात वरची कंपनं जास्त जागी होतात. पाच ठोके आलटून पालटून वाजवण्याला राउंड रॉबिन म्हणतात. काडीचे आणि टिपरूचे ठोके वेगळे रेकॉर्ड करायला हवेत, हे सांगायलाच नको, पण बाजारातल्या बऱ्याच संचांत ते एकत्रच असतात. शिवाय सॉफ्टवेअरमधलं क्वांटाइझचं बटण प्रत्येक ठोका तालाच्या ठरलेल्या रेघेवर आणून ठेवतं. हलगीच्या बाबतीत त्या बटणाला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे.

सॅम्पलरचा एक जुना घोळ म्हणजे सूर बदलणं. आकडे दुप्पट वेगानं वाचले की आवाज एक सप्तक वर जातो, पण लांबी निम्मी होते. माणसाच्या गळ्याचं तर आणखी बिघडतं. पुरुषाच्या ‘आ’मध्ये साधारण 700 आणि 1,100 हर्ट्झच्या आसपासचा भाग घशा-तोंडाच्या पोकळीमुळे उठून येतो. शाहिरानं वरचा सूर लावला तरी पोकळीचा आकार फारसा बदलत नाही. वेग दुप्पट केला तर मात्र हे पट्टेही 1,400 आणि 2,200 वर जातात आणि पोवाडा कार्टूनमधला उंदीर म्हणू लागतो. म्हणून दर दोन-तीन अर्धस्वरांना वेगळं रेकॉर्डिंग घेतात. दुसरा उपाय म्हणजे आवाजाचे काही मिलिसेकंदांचे कण करून ते पुन्हा जुळवणं. या ग्रॅन्युलर पद्धतीची बीजं डेनिस गाबोर यांनी 1940 च्या दशकात मांडलेल्या कल्पनेत आहेत.

अंबाबाईच्या देवळातल्यासारखी घंटा करायची तर साइन तरंग एकेक करून लावायची गरज नाही. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांच्या 1967 साली लक्षात आलं की एका तरंगानं दुसऱ्याची कंपनसंख्या भराभर हलवली तर नवीन स्वरांशांचं मोहोळ तयार होतं. यालाच एफएम सिंथेसिस म्हणतात. 200 हर्ट्झच्या तरंगाला 280 नं हलवा: 80, 200, 360, 480, 640, 760 असे स्वरांश निघतात. 1 ला 1.4 हे प्रमाण ऐकताक्षणी धातू वाटतं. हलवण्याचा जोर हळूहळू कमी केला की टोल्यानंतरची चकाकी विरत जाते आणि खालचा गुंजारव उरतो. यामाहानं या तंत्राचा परवाना घेऊन 1983 मध्ये डीएक्स7 बाजारात आणला. एक भर आपण घालायची. ओतीव घंटा कधीच अगदी गोल नसते, त्यामुळे तिची कंपनं जोडीनं आणि अगदी जवळजवळ येतात. 360 च्या शेजारी 361.5 ठेवला की आवाज सेकंदाला दीड वेळा हेलकावतो, देवळाच्या घंटेसारखा.

इथे सॉफ्टवेअरची एक खोड सांभाळावी लागते. सेकंदाला 44,100 आकडे असतील तर 22,050 हर्ट्झच्या वरचं काही त्यांत मावत नाही. ते नाहीसं झालं असतं तर बरं, पण ते दुमडून खाली येतं. 3,000 हर्ट्झच्या सुराचा दहावा स्वरांश, 30,000, हा 14,100 वर येऊन बसतो आणि मूळ सुराशी त्याचं काहीच नातं नसतं. सिंथेसायझरचे उंच सूर कर्कश वाटतात ते बऱ्याचदा यामुळे. ‘ओव्हरसॅम्पलिंग’ असं बटण दिसलं तर ते चालू करावं. प्रोसेसर थोडा जास्त दमतो एवढंच.

तंबोऱ्याचं काम मला या सगळ्यात कठीण वाटतं. इथून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत ते पिढ्यान् पिढ्या बनतात. छेडलेल्या तारेची फार सुंदर युक्ती केव्हिन कार्प्लस आणि अ‍ॅलेक्स स्ट्राँग यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केली. 110 हर्ट्झच्या तारेसाठी 401 आकड्यांची रांग घ्या, तीत खरखर भरा, आणि वाचत जाताना प्रत्येक आकड्याच्या जागी तो आणि शेजारचा यांची सरासरी ठेवा. रांग पुन्हा पुन्हा वाचली की सरासरीमुळे वरचे स्वरांश आधी झिजतात, जसे खऱ्या तारेत झिजतात. गिटार म्हणून हे छान लागतं, पण तंबोरा होत नाही, कारण त्यात जवारी, म्हणजे तंबोऱ्याचा तो भणभणता झंकार, नाही. तंबोऱ्याची घोडी किंचित वक्र असते, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून तार तिला जेमतेम शिवेल असं करतात. तार हलते तशी टेकण्याची जागा सरकते आणि वरच्या स्वरांशांना सतत नवी ऊर्जा मिळत राहते. तार जिथे छेडाल तिथे ज्या स्वरांशाची स्थिर जागा असेल तो उठू नये, असा जुना नियम आहे. तंबोरा तो पाळत नाही, हे रामन यांनी 1921 साली दाखवून दिलं. संगणकात हे आणायचं तर रांगेची लांबी तारेच्या हेलकाव्याप्रमाणे क्षणोक्षणी कमी-जास्त करावी लागते. इथे मी सॅम्पल वापरतो, आणि सॅम्पल लांबच घेतो.

राहिली जागा. वाद्याइतकाच आवाज खोलीचाही असतो, आणि तीही सॅम्पल करता येते. रिकाम्या सभागृहात फुगा फोडायचा आणि भिंती काय उत्तर देतात ते रेकॉर्ड करायचं. मग कोणत्याही कोरड्या आवाजाच्या प्रत्येक आकड्यामागे त्या उत्तराची एक प्रत सोडली की आवाज त्या सभागृहात गेल्यासारखा ऐकू येतो. दोन सेकंदांच्या उत्तरासाठी सेकंदाला सुमारे 390 कोटी गुणाकार लागतात. फूरिये रूपांतर, म्हणजे आवाज कंपनांत उलगडण्याचं गणित, त्याच्या झटपट पद्धतीमुळे साधा लॅपटॉपही हे निभावतो.

खासबागेला लागूनच असलेलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळालं. शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या वास्तूची छायाचित्रं भरपूर आहेत, पण छायाचित्रांवरून तिथला घुमारा परत काढता येत नाही. नव्यानं उभ्या राहणाऱ्या नाट्यगृहात पडदा उघडण्याआधी कुणीतरी रंगमंचावर उभं राहून दोन-चार फुगे फोडावेत, माइक पहिल्या रांगेत, मधे आणि बाल्कनीत ठेवावा, आणि प्रयोगाच्या दिवशी प्रेक्षक बसल्यावर तेच पुन्हा करावं. माणसांनी भरलेलं सभागृह रिकाम्यापेक्षा बरंच कमी घुमतं, तेव्हा दोन्ही नोंदी हव्यात.