नबातियन म्हणजे फक्त उंटवाले? नाही!

आजच्या जॉर्डनमधल्या पेट्राचे, म्हणजे नबातियन या प्राचीन अरब लोकांच्या राजधानीचे, फोटो आले की खाली ठरलेलं वाक्य असतंच: ‘नबातियन लोक वाळवंटातले उंटवाले, समुद्राशी त्यांचा काय संबंध?’ हे चूक आहे.

तांबड्या समुद्राच्या अरबी किनाऱ्यावर त्यांचं ल्यूके कोमे, म्हणजे ‘पांढरं गाव’, हे बंदर होतं. पहिल्या शतकातलं ग्रीक ‘पेरिप्लस’, म्हणजे समुद्री व्यापाराची मार्गदर्शिका (आपल्या कल्याण-सोपाऱ्याची नोंद करणारं तेच) सांगतं, की इथून नबातियन राजा मलिखसच्या पेट्राकडे रस्ता जातो. आलेल्या मालावर चौथा हिस्सा जकात वसूल व्हायची, बंदोबस्ताला शिबंदीही असायची. कुणाच्याही लक्षात न आलेल्या किनाऱ्यावर पंचवीस टक्के जकात कोण बसवतं? त्याआधी ग्रीक इतिहासकार डायोडोरसने तर नबातियनांच्या समुद्री चाचेगिरीबद्दल लिहून ठेवलंय.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो इटलीतल्या पोत्झुओलीचा पुरावा. तिथल्या प्राचीन बंदराचा भाग आता पाण्याखाली आहे. २०२३ मध्ये समुद्रतळाशी नबातियन देवळातल्या संगमरवरी वेदी सापडल्या. इथल्या वेदींवर लॅटिन अक्षरं कोरलेली आहेत: ‘दुसारी साक्रुम’, दुशराला अर्पण. दुशरा हा नबातियनांचा मुख्य देव. व्यापाऱ्यांनी तो भूमध्य समुद्रापार नेला, तोही जहाजातूनच.