चुना, लोणच्यातले आम्ल आणि निकोटिनची दोन रूपे

सर्दी झाली की आपण वाफारा घेतोच, मग मुलाने थोडी सुगंधी वाफ ओढली तर त्यात एवढे काय बिघडले, असा प्रश्न एका पालकसभेत एका वडिलांनी मला विचारला. सभागृहात हसू उमटले, पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर विनोदाचा मागमूस नव्हता. आणि त्यांचा तरी दोष काय? ई-सिगारेटचे ‘व्हेप’ हे नावच मुळी वाफेवरून पडलेले आहे.

वस्तुतः ई-सिगारेटमधून निघते ती पाण्याची वाफ नव्हे. प्रोपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरिन या दोन दाट द्रवांच्या मिश्रणात निकोटिन आणि स्वादद्रव्ये विरघळवलेली असतात. बॅटरीवर तापणाऱ्या तारेच्या गुंडाळीमुळे या द्रवाची वाफ होते आणि ती लगेच थंड होऊन तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. हे थेंबांचे धुकेच ओढणाऱ्याच्या छातीत जाते. गुंडाळी फार तापली तर त्याच द्रवापासून फॉर्माल्डिहाइड आणि ॲक्रोलिन यांसारखी घातक द्रव्येही तयार होतात. जळत्या सिगारेटच्या धुरातील डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यात नसते, त्यामुळे तुलनेने अपाय कमी होतो हे मान्य करायला हवे, आणि वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांना ती सोडण्यासाठी निकोटिनयुक्त ई-सिगारेटचा उपयोग होतो, याला चांगल्या चाचण्यांचा आधारही आहे. मात्र ज्या पंधरा वर्षांच्या मुलाने सिगारेटला कधी हातच लावला नव्हता, त्याच्या बाबतीत ही तुलनाच लागू होत नाही.

आजच्या धर्तीची ई-सिगारेट चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये तयार केली. अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांची दरवर्षी पाहणी होते, तिच्या २०११ च्या आकड्यांनुसार गेल्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढलेल्या नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांचे प्रमाण १.५ टक्के होते. पुढे ते वाढले, मध्ये थोडे खालीही आले, आणि मग २०१७ मधील ११.७ टक्क्यांवरून २०१८ मध्ये २०.८ आणि २०१९ मध्ये २७.५ टक्क्यांवर गेले. दोन वर्षांत दुपटीहून अधिक! या उसळीची कारणे सांगताना आंबा-पुदिन्याचे स्वाद, समाजमाध्यमांवरची जाहिरात आणि पेन ड्राइव्हसारखा दिसणारा, शिक्षकांच्या नजरेतून सुटणारा आकार यांचा उल्लेख होतो. ही कारणे खरी आहेत, पण त्यांच्यासोबत एक रासायनिक कारणही होते, आणि ते समजून घेण्यासाठी आपल्याला आधी एखाद्या पारावर तंबाखू मळत बसलेल्या माणसाकडे जावे लागेल.

तो चंचीतून तंबाखूची चिमूट काढतो, डबीतला चुना नखाने त्यावर लावतो, अंगठ्याने चांगले मळतो, थाप मारून भुकटी उडवतो आणि बार भरतो. चुना कशासाठी, असे विचारले तर ‘त्याशिवाय लागत नाही’ असे उत्तर येते. हे उत्तर शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. निकोटिनच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू असतात. त्यांपैकी एक अणू भोवताल आम्लधर्मी असला की हायड्रोजनचा आयन, म्हणजे प्रोटॉन, पकडून ठेवतो आणि सगळा रेणू धनप्रभारित होतो. भोवताल आम्लारिधर्मी झाला की तो प्रोटॉन सुटतो आणि निकोटिन प्रभारमुक्त होते. दिसायला हा फरक क्षुल्लक आहे, पण आपल्या पेशींची पटले स्निग्ध पदार्थांची बनलेली असतात आणि त्यांतून प्रभारित रेणू सहजी जात नाहीत. मुक्त निकोटिन मात्र तेलात तेल मिसळावे तसे पटलातून आरपार जाते.

कोणत्या रूपात किती निकोटिन असेल हे भोवतालच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, ठरते. सामू ८ च्या आसपास असताना निम्मे निकोटिन मुक्त आणि निम्मे प्रभारित असते. तेथून सामू एकाने खाली आला की मुक्त आणि प्रभारित यांचे गुणोत्तर दहापटीने घटते, त्यामुळे सामू ७ असताना मुक्त निकोटिन सुमारे ९ टक्के आणि ६ असताना जेमतेम १ टक्का उरते. उलट सामू ९ झाला तर ते ९० टक्क्यांच्या वर जाते. लाळेचा सामू साधारण ७ च्या जवळपास असतो. म्हणजे नुसती तंबाखू गालात धरली तर तिच्यातले बहुतेक निकोटिन प्रभारित अवस्थेत दाराशीच अडकून पडते. विरवलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हा तीव्र आम्लारी असून त्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो. तो मळला की मिश्रणाचा सामू चढतो, निकोटिन मुक्त होते आणि गालाच्या अस्तरातून थेट रक्तात उतरते. तंबाखू ‘लागते’ ती अशी.

आता याच्या नेमकी उलटी गोष्ट पाहू. सिगारमध्ये वापरली जाणारी तंबाखू हवेवर सावकाश वाळवलेली असते, त्या काळात पानातील साखर संपून जाते आणि तिचा धूर आम्लारिधर्मी निघतो. सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू मात्र बंद कोठारात उष्णतेने काही दिवसांतच वाळवतात, त्यामुळे साखर पानातच टिकते आणि जळताना तिच्यापासून आम्ले तयार होऊन धुराचा सामू ६ च्या आसपास किंवा त्याखाली राहतो. सिगारचा धूर घशाला बोचतो, म्हणून तो सहसा तोंडातच घोळवला जातो. सिगारेटचा धूर सौम्य असल्याने खोल छातीत ओढता येतो, आणि सिगारेट बिडी-सिगारपेक्षा अधिक ‘सभ्य’ वाटते त्याचे अर्धे श्रेय या रसायनाला आहे. मुक्त निकोटिन बाष्पनशील असते. ते थेंबातून सुटून घशातच बसते आणि तेथील वेदनावाहक चेतातंतूंना डिवचते. प्रभारित निकोटिन थेंबाला धरून राहते, घशाला चाहूल न देता खाली उतरते आणि वायुकोशांपर्यंत पोहोचते.

पण प्रभारित निकोटिन पटलातून जात नाही असे आताच म्हटले होते, मग ते फुप्फुसातून रक्तात कसे शिरते, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाच्या मनात आला असेल. मला या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो तो इथेच. फुप्फुसाच्या आतल्या ओलाव्याचा सामू रक्ताप्रमाणेच ७ च्या जवळपास राखलेला असतो, आणि इवल्याशा थेंबातले आम्ल त्या साठ्यापुढे टिकत नाही. रक्ताचा सामू ७.४ धरला तर निकोटिनचा सुमारे पाचवा हिस्सा मुक्त होतो. हा हिस्सा रक्तात निघून गेला की समतोल बिघडतो आणि तो सावरण्यासाठी उरलेल्यातून पुन्हा पाचवा हिस्सा मुक्त होतो, तोही जातो, आणि हे चक्र निकोटिन संपेपर्यंत चालू राहते. वायुकोशांचे एकत्रित क्षेत्रफळ कित्येक दहा चौरस मीटर असते, गालाच्या अस्तराचे त्यापुढे काहीच नाही. म्हणून तोंडाला चुन्याची मदत लागते, फुप्फुसाला लागत नाही; तेथून निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोहोचते.

सुरुवातीच्या ई-सिगारेटमध्ये निकोटिन मुक्त रूपात असे. त्याची मात्रा थोडी वाढवली तरी नवख्याला ठसका लागे, आणि हा ठसका हाच एक नैसर्गिक पहारेकरी होता. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ‘जूल’ या अमेरिकन ई-सिगारेटने द्रवात बेन्झोइक आम्ल मिसळले. सोडियम बेन्झोएट हे नाव आपण सरबताच्या आणि लोणच्याच्या बाटलीवर वाचतो, ते याच आम्लाचे भावंड. निकोटिन आणि हे आम्ल यांचा क्षार झाला, निकोटिन प्रभारित झाले, ठसका नाहीसा झाला, आणि मिलिलिटरला सुमारे ५९ मिलिग्रॅम इतके तीव्र द्रव पहिल्यांदाच ओढणाऱ्या मुलालाही सहज ओढता येऊ लागले. ०.७ मिलिलिटरच्या एका कुपीत सुमारे ४० मिलिग्रॅम निकोटिन असे, आणि ती एका पाकिटातील सिगारेटींच्या तोडीची असल्याचे कंपनीच सांगत असे. गावाकडच्या आजोबांनी चुना लावून निकोटिन मोकळे केले आणि कॅलिफोर्नियातल्या तंत्रज्ञांनी आम्ल घालून ते बांधले. दोघांचा हेतू मात्र एकच, ते रक्तात बिनबोभाट पोहोचावे.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे तंबाखू भाजून केलेली मिश्री दात घट्ट करते, कीड मारते, अशी समजूत आजही अनेक घरांत, विशेषतः बायकांमध्ये, आहे. मिश्रीने दातदुखी काही वेळ जाणवेनाशी होईलही, पण दुखणे कळले नाही म्हणजे दात बरा झाला असे नव्हे, आणि हिरड्यांवर रोज निकोटिन चोळणाऱ्या बाईला सकाळी मिश्रीवाचून चैन पडत नाही याला दातांचे आरोग्य म्हणत नाहीत. ‘वाफारा’ म्हणून व्हेप खपवणारा विक्रेता या समजुतीचाच इंग्रजी शिकलेला नातू आहे.

आता कायद्याकडे येऊ. अमेरिकेत जून २००९ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा मोठा कायदा झाला आणि त्याने तेथील अन्न व औषध प्रशासनाला सिगारेट आणि चघळण्याच्या तंबाखूवर अधिकार दिले. त्याच वर्षी सप्टेंबरात सिगारेटमधील मेन्थॉल वगळता इतर स्वादांवर बंदी आली. ई-सिगारेट मात्र या यादीत नव्हती. प्रशासनाने ती औषधाच्या व्याख्येत बसवून पाहिली, पण डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयाने ते अमान्य केले आणि आजार बरा करण्याचा दावा न करता विकली जाणारी ई-सिगारेट ही तंबाखूजन्य वस्तू म्हणून नियंत्रित करता येईल, असे सांगितले. तसा नियम अमलात यायला ८ ऑगस्ट २०१६ उजाडले. म्हणजे सात वर्षे सिगारेटला स्ट्रॉबेरीचा वास चालत नव्हता आणि तिच्या शेजारच्या फळीवरील ई-सिगारेटला चालत होता. नियम आल्यावरही कंपन्यांना परवानगीचे अर्ज करण्यासाठी मुदतवाढ मिळत राहिली, आणि जूलची भरभराट नेमकी याच काळातली.

जानेवारी २०२० मध्ये कुपीच्या ई-सिगारेटींतील तंबाखू आणि मेन्थॉलव्यतिरिक्त इतर स्वादांवर कारवाईचे धोरण आले, पण एकदा वापरून फेकायच्या ई-सिगारेटी त्यातून सुटल्या. मुलेही तोवर तिकडेच वळू लागली होती: ई-सिगारेट ओढणाऱ्या नववी ते बारावीच्या मुलांपैकी अशा फेकायच्या वस्तू वापरणारे २०१९ मध्ये २.४ टक्के होते, ते २०२० मध्ये २६.५ टक्के झाले. मग काही उत्पादकांनी आमचे निकोटिन तंबाखूच्या पानातले नसून प्रयोगशाळेत बनवलेले आहे, असा पवित्रा घेतला, आणि रेणू तोच असूनही कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिल्यामुळे मार्च २०२२ मध्ये संसदेला व्याख्याच बदलावी लागली. दरम्यान डिसेंबर २०१९ मध्ये सर्व तंबाखूजन्य वस्तूंसाठी खरेदीचे किमान वय देशभर २१ करण्यात आले होते. २०२४ पर्यंत त्या मुलांमधील ई-सिगारेटचे प्रमाण ७.८ टक्क्यांवर उतरले. मध्ये कोविडची टाळेबंदीही होती, त्यामुळे या घसरणीचे श्रेय कोणत्या एका कलमाला देणे मला धाडसाचे वाटते. पण जे जे वेगळे ठेवले गेले, ते ते पुढची पळवाट झाले, एवढे या घटनाक्रमातून स्पष्ट दिसते.

युरोपीय संघाने वेगळा मार्ग घेतला. तेथे २०१६ पासून द्रवातील निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये असा दंडक आहे, आणि कॅनडानेही २०२१ मध्ये हीच मर्यादा स्वीकारली. मर्यादा उपयुक्त आहे, पण ती मात्रेवर आहे, रूपावर नाही. २० मिलिग्रॅम निकोटिन मुक्त असेल तर मुलगा खोकून बाजूला ठेवील आणि क्षाररूपात असेल तर ओढत राहील, हा भेद तिच्यात येत नाही.

भारताने १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात सरसकट बंद केली. साठवण वगळता इतर प्रकारच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निकोटिन असो वा नसो, तापवून ओढण्याचे जवळपास प्रत्येक विद्युत उपकरण या व्याख्येत येते, त्यामुळे अमेरिकेसारख्या पळवाटा येथे उरल्या नाहीत. तंबाखूसाठी मात्र २००३ चा निराळा कायदा आहे. त्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांना विक्री आणि शाळा-महाविद्यालयांपासून शंभर यार्डांत विक्री करण्यास मनाई आहे, बाकी विक्री खुली आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला, तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते आणि त्यांत धूर न काढणारेच बहुसंख्य होते. एकच रेणू एका कायद्यात तुरुंगाचे कारण आहे आणि दुसऱ्यात टपरीवरचा माल, ही विसंगती अठरा वर्षांच्या मुलाला आपल्यापेक्षा लवकर कळते.

अमेरिकेत चघळण्याच्या तंबाखूच्या उत्पादकांना दरवर्षी सरकारला आपल्या मालातील एकूण निकोटिन, ओलावा, सामू आणि मुक्त निकोटिनचे प्रमाण कळवावे लागते. आपल्याकडे अशी सक्ती उद्या केली तरी मळून खायच्या तंबाखूच्या पुडीवर कोणता आकडा छापायचा हा प्रश्न उरतोच, कारण चुना वेगळ्या नळीतून मिळतो, तो तंबाखू नसल्यामुळे तंबाखूच्या कायद्यात बसत नाही, आणि सामू किती चढवायचा हे टपरीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा अंगठा ठरवतो.