कोयना चोवीस तास का चालवत नाहीत?

‘कोयनेचं पाणी फुकट, मग कोळसा कशाला जाळता? सगळी मिलीभगत!’ वीजबिल वाढलं की हा फॉरवर्ड हमखास फिरतो.

पाणी फुकट असेल, पण मोजकं आहे. धरण साधारण १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसीच वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडता येतं. ही कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाची मर्यादा. प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट. वीजनिर्मितीचे सगळे संच अखंड फिरवले तर दोन-तीन महिन्यांतच कोटा संपेल. मग पुढे काय?

कोयनेचा खरा उपयोग वेगळाच. वीज ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार व्हावी लागते. मागणी-पुरवठ्याचा तोल बिघडला की ग्रिडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, वारंवारिता ५० हर्ट्झवरून सरकते. थंड पडलेला कोळशाचा संच सुरू व्हायला कित्येक तास लागतात, जलविद्युत संच काही मिनिटांत भार उचलतो. संध्याकाळी सौर वीज मावळते, घरोघरी दिवे-पंखे लागतात, आणि कुणी किती वीज बनवायची हे ठरवणाऱ्या ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून कोयनेला निरोप जातो. हे पाणी दुपारीच उधळलं, तर संध्याकाळी बाजारातून महागडी वीज घ्यायची किंवा भारनियमन करायचं. कोळशाचं प्रदूषण, दर यांवर जरूर भांडा. तो वाद खराच आहे.