बॅटरीशिवाय बोलणारा सेन्सर: शरीरातला रक्तदाब बाहेर कळवण्याचा प्रवास

मे २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कार्डिओमेम्स नावाच्या एका उपकरणाला मान्यता दिली. लांबी जेमतेम १५ मिलिमीटर, रुंदी साडेतीन मिलिमीटरच्या आत, आणि दोन्ही टोकांना नायटिनॉल या लवचिक मिश्रधातूच्या तारेची एकेक कडी. मांडीच्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे लांब बारीक नळी, घालून ते फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या फाट्यात बसवतात आणि ते कायमचं तिथेच राहतं. रुग्ण रोज घरी एका खास उशीवर पाठ टेकून झोपतो, बटण दाबतो आणि थोड्याच वेळात धमनीतला दाब त्याच्या डॉक्टरांच्या पडद्यावर उमटतो. उपकरणाला ना तार, ना बॅटरी.

दंडाला पट्टा बांधून बीपी घरच्या घरी मोजता येत असताना हा खटाटोप कशासाठी? हार्ट फेल्युअरच्या रुग्णात दंडावरचा आकडा पुष्कळदा फसवतो. हृदयाचा जोर कमी पडला की रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसातला दाब चढतो. निरोगी माणसात तिथला दाब साधारण २५/१० असतो, दंडातल्या १२०/८० पेक्षा कितीतरी कमी, त्यामुळे तिथे थोडी वाढही महत्त्वाची. ही वाढ रुग्णालयात भरती व्हायच्या कित्येक दिवस, कधी काही आठवडे आधीच सुरू झालेली असते. वजन वाढणं, पायांवर सूज, आडवं झाल्यावर लागणारी धाप ही लक्षणं मागाहून येतात. रोज वजन करा आणि फोनवर कळवा, हा उपाय अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर नीट तपासून पाहिला गेला. २०१० मध्ये निष्कर्ष आला तो निराशाजनक होता: भरती होण्याचं किंवा मृत्यूचं प्रमाण त्याने कमी झालं नाही.

रक्ताचा दाब पहिल्यांदा मोजला गेला तोही थेट आतूनच. इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावचे धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंचांपर्यंत चढलं. १७३३ मध्ये त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात काच आणि पितळ जोडायला त्यांनी हंसबदकाची श्वासनलिका वापरली, कारण घोडी हलली तरी न तुटणारा लवचिक सांधा त्यांना हवा होता. हलणाऱ्या जिवाला जोडलेली नळी ही अडचण तेव्हापासूनची आहे. पुढे १८२८ मध्ये फ्रेंच संशोधक प्वाझय यांनी पाणी किंवा रक्ताऐवजी पारा वापरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून आठ फुटांची नळी टेबलावर मावेल इतकी झाली. आजही आपण दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये सांगतो तो या बदलामुळे.

१८९६ मध्ये इटलीतल्या तुरीनमध्ये रिवा-रोची यांनी दंडाभोवती फुगवायचा पट्टा आणला आणि १९०५ मध्ये रशियन शल्यविशारद निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकू येणाऱ्या आवाजांचा अर्थ सांगितला. त्यांचं निवेदन एक पानही भरत नव्हतं, आणि शंभर वर्षं जगभरचे दवाखाने त्यावर चालले. रक्तवाहिनीला धक्का न लावता दाब कळू लागला, ही फार मोठी गोष्ट. पण पट्टा त्या एका क्षणाचाच दाब सांगतो. १९६०च्या दशकाअखेरीस ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दंडाच्या धमनीत बारीक नळी ठेवून, अंगावर रेकॉर्डर बांधून माणसांना दिवसभर हिंडू-फिरू दिलं, रात्री झोपू दिलं. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींत झोपेत दाब किती उतरतो आणि दिवसभरात किती हेलकावे खातो, ते स्पष्ट दिसलं. मात्र ही पद्धत रोजच्या उपचारात येणं शक्यच नव्हतं. धमनीत नळी घेऊन कोण किती दिवस राहणार?

तार तोडायची वाट वेगळ्याच बाजूने निघाली. ट्रान्झिस्टर हाती आल्यावर १९५७ मध्ये स्टुअर्ट मॅके आणि बर्टिल याकोबसन यांनी गिळता येणारी रेडिओ-कॅप्सूल सादर केली. ती आतड्यातून जाताना तिथला दाब आणि तापमान रेडिओ लहरींनी बाहेर कळवायची. आतड्यातल्या कॅप्सूलची बॅटरी संपली तरी बिघडत नव्हतं, कॅप्सूल आपोआप बाहेर पडायची. रक्तवाहिनीत ठेवलेल्या उपकरणाचं तसं नाही. तिथे बॅटरी संपणं म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया.

यावरचा तोडगा १९६७ मध्ये कार्टर कॉलिन्स यांनी दिला आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची कल्पना तीच. त्यांना डोळ्यातला दाब मोजायचा होता. त्यांनी तारेची दोन चपटी वेटोळी समोरासमोर ठेवून प्लॅस्टिकच्या अगदी चिमुकल्या बुडबुड्यात बंद केली. दाब वाढला की बुडबुडा चेपतो, वेटोळी जवळ येतात आणि या जोडीची स्वतःची विद्युत कंप्रता बदलते. बाहेरून दुसऱ्या वेटोळ्याने रेडिओ लहरी सोडायच्या आणि आतली जोडी नेमक्या कोणत्या कंप्रतेला प्रतिसाद देते ते पाहायचं. सतारीची वरची तार छेडली की तिच्याशी जुळवलेली तरफेची तार हात न लावता वाजते, तसंच हे. ऊर्जा बाहेरून येते, उत्तर आतून मिळतं. संपण्यासारखं आत काही नसतंच.

कल्पना तयार होती, पण वर्षानुवर्षं एकाच मापात राहणारं, रक्तात न गंजणारं इतकं सूक्ष्म उपकरण घडवायचं तंत्र तेव्हा नव्हतं. ते आलं चिप बनवणाऱ्या उद्योगातून. अटलांटातल्या जॉर्जिया टेकमध्ये मार्क ॲलन हे जेट इंजिनासारख्या भयंकर उष्ण जागी, जिथे तारा आणि इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाहीत, तिथला दाब बिनतारी मोजणाऱ्या सेन्सरवर काम करत होते. भारतीय वंशाचे हृदयरोगतज्ज्ञ जय यादव यांच्याबरोबर त्यांनी २००१ मध्ये कार्डिओमेम्स कंपनी काढली. पहिला उपयोग पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्यासाठी झाला: आत स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे कापडी अस्तराची जाळीदार नळी, बसवल्यावर फुगवट्यातला दाब खरोखर उतरला का, ते पाहायचं. त्या सेन्सरला २००५ मध्ये एफडीएची परवानगी मिळाली.

दरम्यान मेडट्रॉनिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीने क्रॉनिकल नावाचं उपकरण आणलं होतं: पेसमेकरसारखी बॅटरीची डबी छातीत आणि तिथून हृदयाच्या उजव्या जवनिकेत जाणारी तार. २७४ रुग्णांच्या चाचणीत हार्ट फेल्युअर बळावण्याच्या घटना २१ टक्क्यांनी कमी दिसल्या, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. २००७ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने ते नाकारलं. तरीही दाब आधी चढतो आणि लक्षणं नंतर येतात, हे पक्कं कळलं ते बरंचसं याच उपकरणाच्या नोंदींमुळे. त्या फसलेल्या यंत्राचं हे ऋण सहसा कोणी सांगत नाही.

कार्डिओमेम्सची मोठी चाचणी, चॅम्पियन, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ५५० रुग्ण, सगळ्यांच्या धमनीत सेन्सर, सगळे रोज उशीवर झोपणारे. पण निम्म्यांचेच आकडे डॉक्टरांना दिसत होते आणि आपण कोणत्या गटात आहोत ते रुग्णांना माहीत नव्हतं. सहा महिन्यांत हार्ट फेल्युअरमुळे भरती होण्याचं प्रमाण आकडे दिसणाऱ्या गटात २८ टक्क्यांनी कमी निघालं. दाब चढताना दिसला की डॉक्टर लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा किंवा रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांचा डोस वेळीच बदलत होते, हे त्यामागचं कारण.

तरीही डिसेंबर २०११ मध्ये सल्लागार समितीतल्या बहुसंख्यांनी परिणामकारकता मान्य केली नाही. कारण कंपनीच्या परिचारिका आकडे पाहून डॉक्टरांना उपचारांच्या सूचना पाठवत होत्या आणि त्या फक्त एकाच गटासाठी. मग फायदा सेन्सरचा की परिचारिकांच्या जागरूकतेचा? आक्षेप रास्त होता. पण मला त्यात दुसरंही दिसतं: ज्या आकड्याकडे कोणी पाहत नाही त्याने एकही रुग्ण वाचत नाही, आणि पाहणाऱ्या माणसाला उपकरणापासून वेगळं काढणं मुळातच अवघड आहे. पुढे परिचारिकांच्या सूचना थांबल्या आणि दुसऱ्या गटाचे आकडेही डॉक्टरांना दिसू लागले. त्या गटातल्या भरतीही घटल्या आणि मगच मान्यता मिळाली.

२०२१ मध्ये हजार रुग्णांच्या गाइड-एचएफ चाचणीत एकूण फरक ठळक निघाला नाही. कोविडच्या काळात सगळ्यांच्याच भरती घटल्याने निकाल विस्कटला. कोविडपूर्व काळाच्या आकड्यांत मात्र फायदा दिसत होता. २०२३ मध्ये नेदरलँड्समधल्या ३४८ रुग्णांच्या चाचणीत रुग्णांचं रोजचं जगणं सुधारलं आणि भरतीही कमी झाल्या. २०२४ मध्ये कॉर्डेला या दुसऱ्या बिनतारी सेन्सरला एफडीएची मान्यता मिळाली. त्यात उशी नाही, हातातलं यंत्र छातीशी धरून बसल्या-बसल्या दाब घेता येतो. आडवं होताच धाप लागणाऱ्या माणसाला हा बदल किती सुखाचा वाटत असेल!

मनगटावरच्या घड्याळांनी बीपी सांगण्याची धडपड हा या इतिहासाचा वेगळा फाटा आहे. त्यातली बरीचशी घड्याळं नाडीच्या लहरीवरून दाबाचा अंदाज बांधतात आणि काहींना ठरावीक दिवसांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. धमनीत बसलेल्या सेन्सरबाबत प्रश्न आता खर्चाचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने हा खर्च उचलायचं ठरवलं, मात्र अशा रुग्णांची माहिती अभ्यासासाठी गोळा होत राहिली पाहिजे या अटीवर.