पार्कलँडची पोरं आणि त्यांच्या आधीची

१४ फेब्रुवारी २०१८. व्हॅलेंटाईन डे, त्यामुळे शाळेत फुलं, फुगे, चॉकलेटं असा सगळा माहोल, आणि शाळा सुटायला जेमतेम वीसेक मिनिटं उरलेली असताना फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या मर्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूलमध्ये तिथलाच एक १९ वर्षांचा माजी विद्यार्थी रायफल घेऊन घुसला. १४ विद्यार्थी आणि स्टाफमधले ३ असे १७ जण गेले, अजून १७ जखमी झाले. अमेरिकेत असं होणं तेव्हाही नवीन नव्हतं. नवीन होता तो पुढचा सव्वा महिना. वाचलेली पोरं घरात बसून रडण्याऐवजी, म्हणजे रडली असतीलच, पण टीव्हीवर येऊन आमदार-खासदारांना नाव घेऊन जाब विचारायला लागली.

तेव्हाच्या बातम्या बघून असं वाटायचं की ही चळवळ एका रात्रीत उगवली. मला ते कधी पटलं नाही.

आधी एक गणित समजून घ्या, कारण सगळा इतिहास त्याच्याभोवतीच फिरतो. अमेरिकेत बिअर प्यायला वय २१ लागतं. १९६८ च्या फेडरल कायद्यानुसार लायसनवाल्या दुकानातून पिस्तूल घ्यायलाही २१. पण रायफल किंवा शॉटगन? तिला १८ पुरे. का, तर लांब बंदूक म्हणजे शिकारीची, शेतावरची, असा जुना हिशोब. तो हिशोब झाला तेव्हा एआर-१५ टाईपच्या, म्हणजे लष्करी धाटणीच्या, रायफली दुकानादुकानात नव्हत्या. पार्कलँडच्या हल्लेखोराने वर्षभर आधी अशीच रायफल रीतसर, कायद्यात बसवून विकत घेतली होती. बिअरची बाटली घ्यायला गेला असता तर हाकलला असता.

आता मागे जाऊ. २० एप्रिल १९९९, कोलोराडोतलं कोलंबाईन हायस्कूल, १२ विद्यार्थी आणि १ शिक्षक. हल्लेखोर दोघं तिथलेच विद्यार्थी, आणि त्यांच्या चारपैकी तीन बंदुका त्यांच्या एका १८ वर्षांच्या मैत्रिणीने गन शोमधून, म्हणजे बंदुकांच्या जत्रेतून, खासगी विक्रेत्यांकडून आणून दिल्या होत्या, कसली चौकशी नाही काही नाही. पुढे नोव्हेंबर २००० मध्ये कोलोराडोच्या मतदारांनी ही पळवाट सार्वमताने बंद केली, ७० टक्क्यांच्या आसपास मतं पडली. ह्यात पुढे होते मुख्यतः पालक, गेलेल्या मुलांचे आईबाप. त्याच वर्षी मे महिन्यात वॉशिंग्टनला मिलियन मॉम मार्च निघाला, तोही आयांचा. पोरांच्या नावाने मोठी माणसं बोलत होती.

२००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. ३२ जणांचे जीव गेले. आपल्याकडे ही बातमी जवळून लागली होती कारण त्यात मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला गेलेली एक मुलगी होती. त्यानंतर व्हर्जिनियातल्याच एका बाईने निषेधाची एक पद्धत काढली, ३२ माणसं जमवायची आणि सगळ्यांनी तीन मिनिटं जमिनीवर आडवं पडायचं, घोषणा नाही भाषण नाही. हे लक्षात ठेवा, कारण पार्कलँडनंतर पाचव्या दिवशी वॉशिंग्टन परिसरातले टीनएजर्स व्हाईट हाऊससमोर असेच तीन मिनिटं आडवे पडले. फोटो जगभर गेले, पद्धत मात्र अकरा वर्षं जुनी होती.

मग डिसेंबर २०१२, कनेक्टिकटमधलं सँडी हुक. २० मुलं, सहा-सात वर्षांची, आणि ६ मोठी माणसं. सगळ्यांना वाटलं की आता तरी काहीतरी होईल. एप्रिल २०१३ मध्ये सिनेटमध्ये बॅकग्राउंड चेक, म्हणजे बंदूक घेणाऱ्याची आधी चौकशी, वाढवायचं साधं बिल आलं, ५४ विरुद्ध ४६, म्हणजे बहुमत मिळालं, पण लागत होती ६०, आणि संपलं. माझ्या मते इथेच खरा फरक कळतो. सँडी हुकमधून जी मुलं वाचली ती पहिलीतली. ती काय माईक धरणार होती?

आणि जी धरू शकत होती त्यांच्याकडे कॅमेरे वळत नव्हते. सँडी हुकनंतर दीडेक महिन्यातच शिकागोत एका पार्कात पंधरा वर्षांच्या एका मुलीला गोळी लागून ती गेली, आठवडाभर आधीच ती ओबामांच्या शपथविधीच्या सोहळ्यात शाळेच्या टीमबरोबर परफॉर्म करून आली होती. तिच्या मैत्रिणींनी नारिंगी कपडे घालायला सुरुवात केली. नारिंगी का, तर शिकारी जंगलात नारिंगी घालतात, दुसऱ्या शिकाऱ्याने चुकून गोळी घालू नये म्हणून. काय डोकं लढवलंय बघा पोरींनी! आज जूनमध्ये अमेरिकाभर जो वेअर ऑरेंज दिवस पाळतात तो तिथून आला. शिकागोच्याच नॉर्थ लॉनडेल भागातल्या एका शाळेत पीस वॉरियर्स नावाचा ग्रुप पार्कलँडच्या कितीतरी आधीपासून काम करत होता, मार्टिन ल्यूथर किंगची अहिंसेची तत्त्वं शिकून शाळेतली भांडणं सोडवायची, कोणाच्या घरी मयत झालं की जाऊन भेटायचं. किंग ती तत्त्वं घडवताना कोणाला गुरू मानत होते ते सांगायला नको, १९५९ ला मुंबईत आले तेव्हा मणिभवनातच उतरले होते. ही सगळी काळी मुलं, गरीब वस्तीतली. पार्कलँड पडलं खात्यापित्या लोकांचं उपनगर.

पार्कलँडच्या पोरांना हे कळत होतं, हे त्यांचं कौतुक. मार्चच्या सुरुवातीला त्यांनी पीस वॉरियर्सना घरी बोलावलं, बसून ऐकून घेतलं, आणि नंतर वॉशिंग्टनच्या स्टेजवर शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या मुलांनाही जागा दिली.

आता पार्कलँडच का? एक म्हणजे वय. ही मुलं १६-१७-१८ ची, बोलता येणारी, फोन हातात, आणि मतदानाला आलेली. दुसरं, ज्याच्याबद्दल फार कोणी लिहीत नाही, ते म्हणजे त्यांचं शिक्षण. ब्रोवर्ड काउंटीच्या सरकारी शाळांमध्ये डिबेट हा विषय पद्धतशीर शिकवतात, ह्या शाळेत नाटकाचा विभाग, स्वतःचं वर्तमानपत्र, टीव्ही प्रॉडक्शन, सगळं होतं. गव्हर्नमेंट विषयाच्या तासाला एनआरए, म्हणजे नॅशनल रायफल असोसिएशन ही बंदूकवाल्यांची संघटना, आणि असल्या लॉबी काम कशा करतात हे त्यांनी गोळीबाराच्या दिवशीच शिकलं होतं. त्यांच्यातल्याच डेव्हिड हॉगने तर लपून बसलेला असतानाच फोनवर वर्गमित्रांच्या मुलाखती घेतल्या. आणि शाळा जिच्या नावाची ती मर्जरी स्टोनमन डग्लस ही पत्रकार, बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी आणि पुढे एव्हरग्लेड्सची दलदल वाचवण्यासाठी भांडलेली, १०८ वर्षं जगलेली बाई. योगायोगच, पण छान योगायोग.

तीनच दिवसांनी फोर्ट लॉडरडेलच्या सभेत त्याच शाळेतल्या एमा गोन्झालेझने, जे आता एक्स गोन्झालेझ नाव वापरतात, डोळे पुसत पुसत पुढाऱ्यांच्या सगळ्या थापा एकेक करून फेकून दिल्या. जॅकलिन कोरिनने शंभरेक मुलांना बसने राजधानी टॅलाहासीला नेलं, सात-आठ तासांचा प्रवास. बस निघाली त्याच दिवशी तिथल्या विधानसभेने असॉल्ट वेपन, म्हणजे एआर-१५ सारख्या रायफली, यांच्यावरच्या बंदीची चर्चासुद्धा ७१ विरुद्ध ३६ ने नाकारली, वर त्याच दिवशी पॉर्नमुळे सार्वजनिक आरोग्याला धोका आहे असा ठराव पास केला! दुसऱ्या दिवशी सीएनएनच्या कार्यक्रमात कॅमेरून कास्कीने सिनेटर मार्को रुबिओंना सरळ विचारलं की एनआरएचे पैसे यापुढे घेणार नाही असं सांगाल का. रुबिओंनी ते काही सांगितलं नाही. मग पोरांनी हिशोब मांडला, रुबिओंना एनआरएकडून मिळालेली मदत भागिले फ्लोरिडातले विद्यार्थी, उत्तर आलं डोक्यामागे १ डॉलर ५ सेंट, आणि त्या किमतीचे टॅग छापून मोर्चात कपड्यांवर लावले. एवढी नेमकी घोषणा मी तरी दुसरी पाहिली नाही.

१४ मार्चला देशभर मुलं १७ मिनिटं वर्गाबाहेर आली. २४ मार्चला मार्च फॉर अवर लाईव्ह्ज, वॉशिंग्टनमध्ये आयोजकांच्या मते आठ लाख, दुसऱ्या एका मोजणीत दोन लाख, आणि शिवाय ८०० च्या वर ठिकाणी मोर्चे. गोन्झालेझने ६ मिनिटं २० सेकंद स्टेज धरलं, त्यातला बराच वेळ नुसतं गप्प उभं राहून, कारण गोळीबाराला तेवढाच वेळ लागला होता.

हाती काय लागलं? ९ मार्चलाच फ्लोरिडाचे रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी कायद्यावर सही केली. कुठलीही बंदूक घ्यायला वय २१, तीन दिवसांची वेटिंग, धोकादायक माणसाची बंदूक कोर्टाकडून काढून घ्यायची सोय. रायफलींवर बंदी नाही, उलट शाळेतल्या काही स्टाफला बंदुका द्यायची तरतूद, जी पोरांना नको होती. एनआरएने त्याच दिवशी केस ठोकली. नोव्हेंबरमध्ये तरुणांचं मतदान देशभर उसळलं, १८ ते २९ वयाचे २०१४ ला २० टक्के होते ते ३६ टक्क्यांवर गेले, आणि तरी फ्लोरिडात स्कॉटच सिनेटवर निवडून आले, सुमारे दहा हजार मतांनी. राजकारण हे असंच चालतं.

केंद्रात मात्र २०२२ पर्यंत थांबावं लागलं. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोत एका दुकानात गोळीबार करणारा १८ चा. टेक्ससच्या उवाल्डेत १९ मुलं आणि २ शिक्षिकांना मारणाराही १८ चा, वाढदिवस झाल्या झाल्या रायफली घेतलेला. जूनमध्ये कायदा आला तो वय वाढवणारा नाहीच, २१ च्या आतल्या गिऱ्हाईकाची जास्त चौकशी करा एवढाच. तरी जवळपास तीस वर्षांतला तो पहिला मोठा. त्याच वर्षी मार्च फॉर अवर लाईव्ह्जचं काम केलेला मॅक्सवेल फ्रॉस्ट २५ व्या वर्षी फ्लोरिडातूनच अमेरिकेच्या संसदेवर निवडून आला.

न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीच्या मुलीला लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं त्याची तालीम, पीटीच्या तासाइतकी सवयीची झालीय, आईला मराठीत समजावते की लाईट बंद करायचे आणि कोपऱ्यात चिडीचूप बसायचं. सँडी हुकच्या वर्गातली मुलं २०२४ च्या जूनमध्ये बारावी पास झाली.

फ्लोरिडाच्या विधानसभेने २०२३ ते २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं ते २१ चं वय परत १८ वर आणायचं बिल पास केलं, तिन्ही वेळा राज्याच्याच सिनेटने पुढे जाऊ दिलं नाही. मार्च २०२५ मध्ये फेडरल अपील कोर्टानेही २१ कायम ठेवलं. पुढच्याच महिन्यात, १७ एप्रिलला, टॅलाहासीतल्या फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत गोळीबार झाला, दोघं गेले. हल्लेखोर २० वर्षांचा होता, आणि पिस्तूल दुकानातलं नव्हतंच, डेप्युटी शेरिफ असलेल्या सावत्र आईचं होतं. कॅम्पसवर त्या दिवशी पार्कलँडमधून वाचलेलीही काही मुलं होती. काही दिवसांत विद्यार्थी पुन्हा त्याच कॅपिटलवर, म्हणजे विधानभवनावर, गेले, ह्यावेळी बस लागली नाही.